कंसांची जात

शून्याचा शोध आपल्या देशात लागला, याचा अभिमान आम्हाला शाळेपासून शिकवण्यात आला आहे. परंतु एका शून्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवल्यामुळे उतारवयात आमचे दोन आठवडे वाया जावेत आणि वर चार कष्टकरी माणसांच्या पोटात गोळा यावा, असा प्रसंग ओढवेल हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

भंडारा जिल्ह्यातील काही गावांच्या तलावांच्या दोन याद्या आमच्याजवळ होत्या. एक जुन्या छापील पुस्तकावरून आम्ही स्वतः, एका बोटाने, टंकून काढलेली. दुसरी एका कचेरीतून बऱ्याच खेटा घातल्यावर मिळालेली. प्रत्येक ओळीत तीन रकाने: गाव, तलावाचे नाव, आणि तलाव की बोडी. पहिल्या यादीतील कोणते तलाव दुसऱ्या यादीत आहेत आणि कोणते गळाले आहेत, एवढेच पाहायचे होते. ढिवरांच्या एका मच्छीमार संस्थेतील मंडळींना ते आपल्या अर्जासोबत जोडायचे होते. निवृत्तीनंतर पायथन नावाची संगणकभाषा शिकल्याची बढाई आम्ही गावभर मारून ठेवली होती, त्यामुळे ते काम आपसूकच आमच्या गळ्यात पडले. आम्ही पाच-सहा ओळींचा कार्यक्रम लिहिला आणि चालवला. जुळणाऱ्या ओळी किती, याचे उत्तर पडद्यावर उमटले: शून्य.

हे ऐकताना बाहेरच्या वाचकाला त्यातले गांभीर्य कळायचे नाही, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. आमचा मुलूख धानाचा आणि तलावांचा. येथील बहुतेक जुने तलाव मालगुजारीच्या काळातले. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचा हात किती मोठा होता, हे गावोगावचे लोक अजून सांगतात. उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी मातीची पाळ घालून अडवायचे आणि खालच्या बांध्यांना टप्प्याटप्प्याने पाजायचे, अशी ती रचना. पुढे भंडारा मध्य प्रदेशात असताना १९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा झाला, १९५१ साली तो अंमलात आला, मालगुजार गेले आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. सरकारी भाषेत त्याचा संक्षेप ‘मामा तलाव’ असा झाला. इतका जिव्हाळ्याचा संक्षेप आमच्या कचेऱ्यांच्या हातून दुसरा कुठला घडला असेल असे वाटत नाही. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. दर वेळी दप्तरे हलली, याद्या नव्याने उतरवल्या गेल्या. तलाव जागचे हलले नाहीत, पण यादीतून मात्र एखादा हलू शकतो. आणि जो तलाव यादीत नाही, त्यातील गाळ काढण्याचा, फुटलेली पाळ बांधण्याचा किंवा मासेमारीच्या ठेक्याचा प्रश्न कोणत्याच टेबलावर उपस्थित होत नाही.

तर त्या रात्री, उत्साहाच्या भरात, आम्ही संस्थेच्या एका म्हाताऱ्या सभासदाला दूरध्वनी केला आणि सांगितले की जुन्या यादीतला एकही तलाव नव्या यादीत नाही. पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही. मग ‘बरं जी’ एवढेच आले.

कोणत्याही विचारी माणसाला शंका यायला हवी होती. शेदीडशे तलावांपैकी एकही जुळू नये, हे घडणार कसे? परंतु सरकारी यादीविषयी आमचे मत आधीच इतके वाईट होते की शून्य आम्हाला आश्चर्याचे वाटण्याऐवजी सिद्धतेचे वाटले. जे ऐकायची इच्छा असते ते ऐकू आले की माणूस पुन्हा विचारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी शुद्ध आल्यावर मनात आले, की घोडे शुद्धलेखनात पेंड खात असेल.

आणि मग साप म्हणून भुई धोपटण्याचे ते दोन आठवडे सुरू झाले. कुठे अनुस्वार होता, कुठे नव्हता. कुठे ‘बु.’ होते, कुठे ‘बुज.’, कुठे ‘बुजरूक’. नावांच्या शेवटी अदृश्य मोकळ्या जागा चिकटलेल्या होत्या, त्या काढल्या. देवनागरीची स्वतःची एक गंमत आहे, तीही याच काळात कळली. आमच्याकडे धानाच्या रोपांना ‘पऱ्हे’ म्हणतात. या शब्दातला अर्धा र युनिकोडच्या दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही ‘पऱ्हे’ एकच दिसतात. यंत्राला ते दोन शब्द आहेत. शेवटी शब्द म्हणजे तरी काय, चिन्हांचा क्रमच. डोळा आकृती पाहतो, यंत्र क्रम मोजते. ‘पऱ्ह्याची बोडी’ या एका नावापायी आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली.

याहून अवघड होता तो ‘ळ’. आमच्या भागात बोलली जाते ती झाडीबोली. साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर जिचा अभ्यास केला, ती ही बोली. तिच्यात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. पाणी आमच्याकडे पानी होते, डोळा डोरा होतो, तलावाची पाळ पार होते. कचेरीतल्या यादीत ज्याने नावे भरली तो इथलाच असावा, कारण कित्येक ठिकाणी त्याने कानाला ऐकू आले तसे लिहिले होते, आणि जुन्या पुस्तकात तीच नावे साहेबाच्या कारकुनाने पुणेरी केलेली होती. आम्ही एकेक ‘र’ काढून तेथे ‘ळ’ बसवत गेलो. हे करताना हात थोडा अडखळत होता, ते का याकडे पुढे येतो.

दोन आठवड्यांनी दोन्ही याद्या आमच्या डोळ्यांना अक्षरशः जुळत होत्या. कार्यक्रम चालवला. शून्य.

नागपूरला अभियांत्रिकी शिकणारी आमची भाची सुटीत आली होती. तिने सारा वृत्तांत ऐकून घेतला, हसली नाही (हे तिचे संस्कार), आणि दोन्ही याद्यांतील पहिली एकेक ओळ पडद्यावर छापून घेतली. म्हणाली, “मामाजी, अक्षरं कायले पाहता, कंस पाहा ना.”

कंस पाहिले. आमच्या यादीतली ओळ चौकोनी कंसात होती, कचेरीच्या यादीतली गोल कंसात. आमची यादी साध्या मजकुराच्या, स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाइलीत होती. अशी फाइल पायथन वाचते तेव्हा प्रत्येक ओळ ‘लिस्ट’ म्हणून हाती देते. कचेरीची यादी आम्ही एका छोट्या डेटाबेसमध्ये भरून ठेवली होती. तेथून ओळ निघते ती ‘टपल’ होऊन. दोन्हींत तेच तीन शब्द, त्याच क्रमाने. पण पायथनला विचारावे की [१, २] == (१, २) आहे काय, तर उत्तर ‘असत्य’ असेच येते. (आकडे आम्ही येथे आपले लिहिले आहेत, खुद्द कार्यक्रमात असे लिहिलेले पायथनला चालत नाहीत. गंमत अशी की अवतरणचिन्हांत ‘१२’ लिहून त्याचा पूर्णांक करून माग म्हटले तर तो बिनतक्रार करून देते. देवनागरी अंकांची किंमत त्याला ठाऊक आहे, फक्त उंबऱ्याच्या आत घेत नाही.) भाचीने एक शब्द घातला, लिस्टीचे टपल केले, आणि शून्याच्या जागी भलामोठा आकडा आला. सगळे मिळून अर्धा मिनिट.

येथे लेख संपायला हरकत नव्हती. परंतु आमचा स्वभाव चिकट आहे. आम्हाला प्रश्न पडला तो असा: तीच तीन नावे, तोच क्रम, मग ‘असत्य’ का?

शोध घेतल्यावर जे कळले ते आम्हाला अजून पुरते पचलेले नाही. आमची समजूत अशी होती की पायथन दोन्ही ओळी उघडून पाहतो, एकेक घटक ताडून पाहतो आणि मग काही कारणाने नकार देतो. तसे नाही. तो आधी लिस्टीला विचारतो, की ही समोरची वस्तू तुझ्याएवढी आहे काय? समोर लिस्ट नसून दुसरे काही आहे एवढे पाहून लिस्ट उत्तर देते, की हे माझ्याकडे येत नाही. नकार नव्हे, ‘हे काम मी केलेले नाही’ असा तो निरोप असतो. मग पायथन टपलला विचारतो. टपलही तेच सांगते. दोघांनीही हात वर केल्यावर पायथन शेवटचा उपाय करतो: या दोन वस्तू मुळात एकच वस्तू आहेत काय, स्मृतीतील त्याच एका जागी आहेत काय, एवढेच पाहतो. त्या अर्थातच दोन वस्तू असतात. म्हणून असत्य. म्हणजे आत काय आहे हे या साऱ्या व्यवहारात कोणी उघडून पाहिलेलेच नसते.

कचेऱ्यांत खेटे घातलेल्या माणसाला हे वाचून ओळखीचे काही वाटले नाही तर नवल. या टेबलावर ‘हे आमच्याकडे येत नाही’, त्या टेबलावर ‘हे आमच्याकडे येत नाही’, आणि अखेरीस तिसऱ्याच माणसाने लाल शाईने लिहिलेले ‘नाही’. अर्ज वाचून दिलेला नकार आणि अर्ज न वाचता दिलेला नकार, कागदावर दोन्ही एकाच अक्षरांत उमटतात. आमची खरी तक्रार ही आहे. लिस्ट आणि टपल समान नाहीत असे ठरवायचे असेल तर खुशाल ठरवावे. पण ‘दोहोंतील मजकूर वेगळा आहे’ आणि ‘मी मजकूर पाहिलाच नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी एकच शब्द वापरला गेला, त्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला, आणि एका म्हाताऱ्या माणसाला रात्रीची झोप लागली नाही.

पायथनच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते टाळणे बरे नव्हे. लिस्ट ही वाढत-घटत जाणारी रांग आहे. टपल हा बांधून टाकलेला गठ्ठा, त्यातले काही नंतर बदलता येत नाही. रांगेत साधारणतः एकाच प्रकारची माणसे उभी असतात. गठ्ठ्यात पहिल्या जागी गाव, दुसऱ्या जागी नाव, असे प्रत्येक जागेला आपले काम असते. तेव्हा दोन्हींत तीच अक्षरे आली तरी अर्थ वेगळा, असे समर्थन करता येते. पण हे समर्थन पायथनने सर्वत्र पाळले असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पूर्णांक १ आणि दशांश १.० यांना तो समान मानतो. बदलता येणारा संच आणि गोठवलेला संच यांना तो समान मानतो. प्रत्येक जागेला नाव दिलेला टपल आणि बिननावाचा टपल यांनाही समान मानतो. इतकेच नव्हे, तर वेगवेगळ्या नावांचे दोन टपल, एकात अक्षांश-रेखांश आणि दुसऱ्यात लांबी-रुंदी, आतले आकडे सारखे असले की त्यांनाही समान मानतो. म्हणजे जेथे अर्थ खरोखर वेगळा तेथे डोळेझाक, आणि आमच्या बिचाऱ्या तलावांच्या बाबतीत सोवळे. ‘रेंज’ नावाचा एक तिसरा क्रमप्रकार आहे. त्याच्या दोन नगांतून तेच आकडे निघत असतील तर ३.३ या आवृत्तीपासून ते समान ठरतात. पण तेच आकडे लिस्टीत मांडून शेजारी ठेवा, पुन्हा असत्य. घरातल्या घरात उदार, शेजाऱ्याशी नाही.

इतर भाषांची रीत वेगळी आहे. जावामध्ये १९९८ साली जोशुआ ब्लॉक यांच्या हातून जी संग्रहांची चौकट आली, तिच्यात करारच लिहून ठेवला आहे, की लिस्ट कोणत्याही बांधणीची असो, घटक तेच आणि क्रम तोच असेल तर ती समान. रिच हिकी यांच्या २००७ सालच्या क्लोजरमध्ये चौकोनी कंसातला व्हेक्टर आणि गोल कंसातली लिस्ट बेधडक समान ठरतात; आमचा कार्यक्रम त्या भाषेत असता तर हा लेख जन्मला नसता. जावास्क्रिप्टचे मात्र काही विचारू नये. तेथे एकसारखे दोन क्रम, [१, २] आणि [१, २], एकमेकांना समान नाहीत, कारण त्या दोन वस्तू. पण अवतरणचिन्हांत ‘१,२’ असे लिहिलेले अक्षरांचे बुजगावणे मात्र त्यांतील प्रत्येकाला समान ठरते. सख्खा जुळा भाऊ परका, आणि त्याचे चित्र काढून नेले तर ‘हाच तो’. सगळ्यांत प्रामाणिक आम्हाला म्हातारी लिस्प वाटली. कॉमन लिस्पमध्ये समानतेच्या चार कसोट्या आहेत, कडकपणापासून सैलपणाकडे जाणाऱ्या, आणि कोणती हवी ते विचारणाऱ्याने ठरवायचे. तिच्या जाणकारांपैकी केंट पिटमन यांनी एका लेखात असे मांडले आहे, की समानतेची एकमेव योग्य कसोटी असूच शकत नाही. ती तुमच्या हेतूवर अवलंबून असते.

हे वाचताना आम्हाला आमची मराठी आठवली. ‘तोच’ आणि ‘तसाच’ हा भेद आमच्या शेंबड्या पोरालाही कळतो. हरवलेला बैल सापडला तर ‘तोच’, बाजारातून दुसरा आणला तर ‘तसाच’. न्यायशास्त्राने तादात्म्य आणि सादृश्य असे भारदस्त शब्द योजून जे सांगितले ते आम्ही एका अक्षराच्या फरकाने रोज सांगतो. पायथनमध्येही हे दोन प्रश्न वेगळे विचारता येतात. आमच्या बाबतीत घडले ते एवढेच, की आम्ही ‘तसाच आहे काय’ असे विचारले, आणि त्याने ‘तोच आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर देऊन आमची बोळवण केली.

आणखी एक शब्द येथे टाळता येत नाही. संगणकभाषेत वस्तूच्या प्रकाराला जे नाव आहे, त्याला आमच्या बोलण्यात सरळ शब्द ‘जात’ असाच आहे. धानाची जात, आंब्याची जात, लाकडाची जात. तर लिस्टीने टपलची जात पाहिली आणि आत डोकावण्याची गरज उरली नाही. हे आम्ही कोटी करायची म्हणून म्हणत नाही. पायथनच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत याहून विलक्षण प्रकार होता. तेथे लिस्ट मोठी की टपल मोठे, असेही विचारता येई, आणि उत्तर मिळे. आकड्यांखेरीजच्या भिन्न जातींच्या वस्तूंचा लहानथोरपणा तेथे जातीच्या नावाच्या वर्णानुक्रमाने ठरत असे. रोमन लिपीत लिस्टचे अक्षर टपलच्या अक्षराआधी येते, म्हणून जगातली कोणतीही लिस्ट, आत लाखाचे आकडे असले तरी, कोणत्याही टपलपेक्षा लहान. २००८ च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली आणि हा प्रश्न विचारला की ती त्रुटी दाखवून थांबू लागली: या दोन जातींत लहानथोर ठरवता येत नाही. दुसऱ्या आवृत्तीचा पाठिंबा २०२० च्या १ जानेवारीला संपला. उतरंड अशी रीतसर रद्द झाली. समानतेच्या प्रश्नाला मात्र जुनेच मुकाट ‘असत्य’ चालू राहिले.

मघाशी हात अडखळल्याचे म्हटले, ते यासाठी. आमच्या प्राथमिक शाळेत बाहेरून बदलून आलेले एक गुरुजी होते. श्रुतलेखनात आम्ही ‘पानी’ लिहिले की ते वही मिटत. पुढच्या ओळी वाचतच नसत. त्या ओळींत काय होते, एखादे वाक्य चांगले उतरले होते काय, हे त्यांना कधीच कळले नाही, कारण पहिल्या ‘न’पाशीच आमची जात ठरलेली असे. (गुरुजी वाईट नव्हते; आजारी मुलाला सायकलवर बसवून घरी सोडत.) आम्ही तीस वेळा ‘पाणी’ लिहिले, मग आणखी तीस वेळा, आणि हळूहळू घरात एक आणि शाळेत एक अशा दोन जिभांनी बोलायला शिकलो. पुढे नोकरीसाठी बाहेर पडल्यावर शाळेतलीच जीभ कायमची झाली. आता साठी उलटल्यावर, आपल्याच गावच्या तलावांच्या यादीतला ‘र’ खोडून तेथे ‘ळ’ बसवताना आमच्या लक्षात आले, की वही मिटणारा हात या वेळी आमचा आहे. आणि तेही विनाकारण. दोष त्या ‘र’चा नव्हताच.

भंडारा आणि समानता हे दोन शब्द एका लेखात आले की आणखी एका गोष्टीचे स्मरण आमच्या पिढीला होतेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते, की राजकारणात आपण प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य देणार आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते मूल्य नाकारत राहणार आहोत. या विसंगतीत किती काळ जगणार, हा त्यांचा प्रश्न. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, १९५४ साली, ते लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते भंडाऱ्यातून. मतदारसंघ द्विसदस्य होता: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब हरले. मतांचे मूल्य समान होते, मोजणीही त्याच मूल्याने झाली, हे खरे. पण मत टाकण्याआधी किती जणांनी माणूस उघडून पाहिला आणि किती जणांनी नुसता कंस पाहिला, हे मोजण्याचे यंत्र तेव्हा नव्हते, आजही नाही. २९ सप्टेंबर २००६ नंतर, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीनंतर, परगावी आम्ही जिल्ह्याचे नाव सांगितले की समोरचा क्षणभर थांबतो. त्या घटनेला येथे कोणत्याही दृष्टान्ताच्या कामाला जुंपण्याची आमची इच्छा नाही, आणि तो अधिकारही नाही. नाव टाळून पुढे जाणे तेवढे खोटे झाले असते.

आता यादीकडे. भाचीच्या त्या एका शब्दानंतर बहुतेक तलाव जुळले. मूठभर उरले, जे जुन्या यादीत होते आणि नव्या यादीत खरोखरच नव्हते. आम्ही लाजत-लाजत त्या सभासदांना पुन्हा दूरध्वनी केला, आधीचे सारे चुकल्याचे सांगितले आणि उरलेली नावे वाचून दाखवली. कंस, लिस्ट, टपल यातले काही सांगितले नाही; ‘संगणकाची चूक झाली’ असे म्हणालो, आणि लगेच ‘आमची’ अशी दुरुस्ती केली. त्यांनी ना राग धरला ना सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाले, येऊन पाहून जा जी.

गेलो. पावसाळा नुकताच ओसरला होता, रोवणी होऊन बराच काळ लोटला होता आणि बांध्यांत धान गर्भी आले होते. यादीतून गळालेल्या तलावांपैकी पहिला, पाळीवर जुने मोह उभे असलेला, काठोकाठ भरलेला होता. त्यात त्यांच्या संस्थेच्या दोन माणसांनी जाळे टाकले होते. “तरा तं हाये जी,” ते म्हणाले, “कागदालेच दिसत नाही.” मग ते आम्हाला दुसऱ्या एका जागी घेऊन गेले. हा तलाव दोन्ही याद्यांत होता, नाव तेच, गाव तेच, आणि आमच्या कार्यक्रमाने त्याला ‘सत्य’ म्हटले होते. तेथे पाळ फोडलेली होती. आतल्या निम्म्या जमिनीवर कोणीतरी धान लावले होते, आणि उरलेल्या निम्म्यात बेशरम माजला होता, जांभळ्या फुलांनी लदलेला. आम्ही वहीत लिहायला पेन काढला. नाव लिहिले, गाव लिहिले, आणि तिसऱ्या रकान्यात, जेथे तलाव की बोडी हे लिहायचे, तेथे काय लिहावे म्हणून त्यांच्याकडे पाहिले. ते पाळीच्या फुटलेल्या तोंडाशी उभे राहून, पूर्वी सलांग कोठे होता ते हाताने दाखवत होते.